प्रादेशिक आराखडा आधी गावाने काढायचा की खात्याने?

खाजनकाठ (बार्देस)

परवाच्या ग्रामसभेत पुन्हा तोच विषय निघाला. 2021 उलटून गेलं तरी गोवा अजून त्याच सालाच्या नावाच्या आराखड्यावर रेटतोय, तोही ठिगळं लावलेल्या. नवा कधीतरी करावाच लागणार, म्हणून हा धागा.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात. कुठल्या जमिनीवर शेती, कुठे घरं, हे प्रादेशिक आराखडा ठरवतो. ऑगस्ट 2006 मध्ये 'प्रादेशिक आराखडा 2011' अधिसूचित झाला. शेतं, डोंगरउतार, बागायती कागदावर सेटलमेंट, म्हणजे वस्तीची जागा, झाल्या. लोक पेटले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी 2007 त सरकारने तो मागे घेतला. मग चार्ल्स कोरिया, एडगर रिबेरो अशी माणसं घेऊन कृती दल नेमलं. त्यांचा 2021 साठीचा मसुदा 2008 त आला आणि गावागावांचे नकाशे हरकती-सूचनांसाठी पंचायतींत आले.

आमच्या पंचायतीत तो नकाशा कॅरमच्या बोर्डावर पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार नारळ. शेजारची आजी आली. तिला सर्व्हे नंबर कुठला माहीत! "आमची वडाकडली कुणगी खंय?" म्हणजे भाताचा तुकडा कुठे? आम्ही तासभर शोधत होतो. शेवटी तिनेच ओढा पकडला, ओढ्यावरून मानस (पाणी अडवायचं दार), मानशीवरून बांध, आणि बोट ठेवलं. त्या जागी रंग सेटलमेंटचा होता. भरतीचं पाणी जिथे मानस लावून अडवतात, तिथे घरं! पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ असो की पणजीतला, हे त्याला टेबलावर बसून दिसणार नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. पहिला नकाशा गावाने काढावा, नगरनियोजन खात्याने त्यात दुरुस्त्या कराव्यात, आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहावं. आज उलट चालतं.

तीन_भाऊ_एक_घर (फोंडा)

गाव, गाव काय लावलंय? गाव म्हणजे नेमकं कोण?

आमचं घर मुंडकाराचं. आजोबांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत बांधलेलं, मुंडकारांना संरक्षण देणाऱ्या 1975 च्या कायद्याने राहिलं. बाबांनी घाम गाळून वर सहाशे चौरस मीटर जागा घेतली. आराखड्यात ती ऑर्चर्ड, म्हणजे बागायत. दोन काजू आहेत, एक वाळलेला. आम्ही तीन भाऊ, तिघांची लग्नं झालीत, स्वयंपाकघर एक. सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी, मिळत नाही, कारण झोन बसत नाही. ग्रामसभेत विषय काढला तर ज्याचा दोन मजली बंगला उभा आहे तो माईक घेऊन 'हिरवा गोवा' सांगतो. त्याच्या बंगल्याखालीही एकेकाळी काजूच होते.

पहिला नकाशा गावाने काढला तर पेन्सिल कुणाच्या हातात असेल, ते सांगा आधी.

रेखाटन

मी नियोजनातला माणूस, आता निवृत्त. दोन्ही बाजू ऐकून वाटतं, पाण्याचा विषय कुणी घेतच नाही. डोंगरावरून येणारं पाणी पंचायतीची हद्द बघत नाही. वरच्या गावाने उतार कापला तर गाळ खालच्या गावाच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतात. एकाने मानशीकडे दुर्लक्ष केलं की पलीकडच्याच्या शेतात खारं पाणी. शिवाय कचरा प्रकल्प, स्मशान, ट्रक उभे करायची जागा, हे सगळं प्रत्येक गावाला हवं असतं, फक्त शेजारच्या वाड्यावर.

2021 च्या आराखड्यात भातशेती आणि खाजन इको-1 मध्ये, म्हणजे सर्वात जपायच्या गटात, टाकली, तीव्र उतारांवर बांधकाम नको म्हटलं, ते राज्याच्या पातळीवर ठरलं म्हणूनच. एवढं तरी गावागावच्या मतावर सोडू नका. त्याच्या आत गावाने हवं ते ठरवावं.

खाजनकाठ

@रेखाटन काका, पटतं. पण तो इको-1 टिकवला कुणी? 2012 त नव्या सरकारने अख्खा आराखडाच स्थगित ठेवला. नंतर 2018 त नगरनियोजन कायद्यात कलम 16ब आलं, एकेका अर्जावर झोन बदल. 2023 त 17(2), 'अनवधानाने राहिलेली चूक' दुरुस्त करायला. एवढ्या चुका राहिल्या होत्या की काय कोण जाणे! त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. तोवर 2024 चं कलम 39अ, तेही झोन बदलाचंच, येऊन बसलंच होतं. त्यात हरकतींना 30 दिवस आहेत, पण एका सर्व्हे नंबरची नोटीस गावात कोण शोधत बसणार? राज्याने लक्ष्मणरेषा आखायची आणि राज्यानेच ती प्लॉटगणिक पुसायची.

@तीन_भाऊ, तुम्ही म्हणता ते खोटं नाही.

तीन_भाऊ_एक_घर

16बखाली मीही अर्ज केला होता हो. त्याच दाराने बिल्डर आत गेले म्हणून तुम्ही दार बंद करा म्हणता. बिल्डर खिडकीतून येईल. मी बाहेरच.

दोडामार्गची_सून

सीमेपलीकडून दोन शब्द. पश्चिम घाटावरच्या 2011 च्या माधव गाडगीळ अहवालाच्या वेळी आमच्या सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामसभांनी ठराव केले होते, आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या म्हणून. अहवाल मराठीत आणून ग्रामसभांपुढे ठेवा, असं गाडगीळांचं सुरुवातीपासूनचं म्हणणं होतं. बहुतेकांपर्यंत पोचली ती अफवा: घराला रंग द्यायचा तरी परवानगी लागेल, गुरं ठेवता येणार नाहीत. माझे सासरे आजही तेच सांगतात.

तेव्हा गावाला विचारा, जरूर विचारा. पण कागद वाचता येईल अशा भाषेत आधी पोचवा. आणि बायकांची सही नवऱ्याने केलेली चालवू नका. आमच्याकडच्या एका ठरावावर माझी सही आहे, मी त्या दिवशी माहेरी होते.

रेखाटन

@दोडामार्ग, हे मी तिशीत असताना ऐकायला हवं होतं.

@तीन_भाऊ, मार्ग निघू शकतो. झोन न बदलता, ठरावीक वर्षं गावात राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्या जागेत एकच घर, मर्यादित क्षेत्रफळाचं, पुढची पंधरा वर्षं विकायचं नाही. नियमावलीतच लिहायचं. अर्जाची भीक नको.

तीन_भाऊ_एक_घर

पंधरा काय, पंचवीस वर्षं लिहा. विकायला कोण चाललंय?

खाजनकाठ

हे मी सुरुवातीलाच घालायला हवं होतं. पेन्सिलीचं उत्तर मात्र अजून नाही माझ्याकडे. वाड्यावाड्याने बसायचं, मुंडकारांच्या वाड्यापासून सुरुवात करायची, एवढं सुचतंय.

तीन_भाऊ_एक_घर

आणि वेळ बदला. रविवारी सकाळी साडेदहाची ग्रामसभा ठेवतात. आम्ही हॉटेलात काम करणारे. रविवारी साडेदहाला आम्ही पाहुण्यांचा नाश्ता आवरत असतो. तुमच्याकडचा तो 2008 चा नकाशा तरी शिल्लक आहे का?

खाजनकाठ

आहे. पंचायतीच्या कपाटावर गुंडाळून ठेवलाय. खालची कड वाळवीने खाल्लीय, पण आजीची कुणगी वरच्या बाजूला येते, ती दिसते.