मदत हवी आहे: बाह्य हार्ड डिस्कवर कॉपीचा वेग ३५ एमबीच्या पुढे सरकत नाही

प्रश्न
लॅपटॉपवर विंडोज ११, आत एसएसडी. बाहेर २ टीबीची अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क, अंगावर यूएसबी ३.० लिहिलेलं, फॉरमॅट एनटीएफएस. साधारण ६०० जीबी हलवायचे आहेत. निम्मे मोठे व्हिडिओ, बाकी प्रोजेक्टचे फोल्डर, त्यांत लाखभर बारीक फाइल्स.

व्हिडिओ ३४ ते ३७ एमबी प्रति सेकंद वेगाने जातात, शेवटपर्यंत तेवढ्यानेच. बारीक फाइल्सना १ ते २ एमबी, मध्येच शून्य. डिस्क फॉरमॅट करून फरक पडेल का?

प्रतिसाद १
फॉरमॅट करू नका, त्याचा इथे संबंध नाही. तुमचा आकडाच निदान सांगतोय. यूएसबी २.० म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट धरून कागदावर ६० एमबी. प्रत्यक्ष हाती ३० ते ४० पडतात. खराब होत चाललेल्या डिस्कचा वेग वरखाली होतो, असा सपाट राहत नाही. म्हणजे डिस्क ३.० ची असूनही जोडणी २.० वर उतरली आहे.

आधी केबल पाहा. या डिस्कना बहुधा दोन खणांचा रुंद चपटा प्लग असतो. त्यातल्या मोठ्या खणात फोनची जुनी मायक्रो यूएसबी केबल बसते आणि डिस्क चालतेही, पण २.० ने. ३.० च्या केबलच्या लॅपटॉपकडच्या टोकात नेहमीच्या चार पट्ट्यांमागे आणखी पाच संपर्क दिसतात. निळ्या रंगावर विसंबू नका. डिस्कला टाइप सी असेल तर केबल चार्जिंगवाली नाही ना बघा. अशा बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या तारा २.० पुरत्याच असतात. हब काढून थेट लॅपटॉपला जोडा आणि प्लग पूर्ण आत ढकला.

खात्रीसाठी यूएसबी ट्री व्ह्यू हे छोटं मोफत टूल चालवा. डिस्कसमोर 'सुपरस्पीड' हवं. 'हायस्पीड' दिसलं तर ते २.० च, नाव कितीही वेगवान वाटो.

प्रतिसाद २
बारीक फाइल्सचा आजार वेगळा, तो केबलने बरा होणार नाही. प्रत्येक फाइलमागे डेटा लिहायचा, एनटीएफएसच्या तक्त्यात नोंद करायची, लॉग लिहायचा. प्रत्येक वेळी हेड (डिस्कवर वाचणारा-लिहिणारा भाग) हलतं आणि एका हालचालीला दहाएक मिलिसेकंद जातात. सेकंदाला ४० फाइल्स आणि फाइल ४० केबीची धरली तर दीड एमबीच होतात.

उपाय: एसएसडीवरच सेव्हन-झिपने एक आर्काइव्ह करा, कॉम्प्रेशन 'स्टोअर' (म्हणजे न दाबता नुसतं एकत्र बांधणं) ठेवा आणि ती एकच फाइल पाठवा. बाह्य डिस्कवर उलगडू नका, नाहीतर मूळ त्रास परत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज'मध्ये 'बेटर परफॉर्मन्स' निवडून राइट कॅशिंग (लिहायचा डेटा आधी मेमरीत जमवणं) चालू केलं तर थोडा फायदा होतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हेच डीफॉल्ट आहे. मात्र मग 'सेफली रिमूव्ह' न करता केबल उपटायची नाही. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडचे अनेक थ्रेड (एकाच वेळी अनेक फाइल्स कॉपी करणं) एसएसडीला मानवतात, फिरत्या डिस्कचं हेड त्यात उलट जास्त धावतं.

प्रश्नकर्ता
केबल खरंच फोनची निघाली. बदलल्यावर ११५ एमबी मिळतात. पण ७० जीबीच्या आसपास वेग १५ वर घसरतो, तासभर थांबलं की पुन्हा पूर्ववत.

प्रतिसाद ३
ही एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) डिस्क दिसते. यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक बदलायचा तर पुढचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. म्हणून डिस्क येणारा डेटा आधी राखीव कॅश भागात घेते आणि रिकाम्या वेळी जागेवर हलवते. तो भाग भरला की तुम्ही म्हणता तशी घसरण.

सेटिंगने हे जात नाही. ५० जीबीच्या टप्प्यांत कॉपी करा. मधल्या वेळात डिस्क जोडलेली आणि जागी ठेवा, पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ वाढवा. केबल काढून ठेवली तर आवराआवर होतच नाही.

तरी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या टूलमध्ये ०५ (बदललेले खराब सेक्टर) आणि सी५ (वाचता न येणारे संशयित सेक्टर) या ओळींचे रॉ आकडे बघाच. दोन्ही शून्य आणि वाचनाचा वेग चांगला, तर एसएमआरच. सी५ वाढत असेल आणि वाचतानाही अडकत असेल, तर नवीन काही लिहू नका, आहे तो डेटा आधी बाहेर काढा.

प्रतिसाद ४
पेन ड्राइव्हवरही हेच चित्र दिसतं, कारण तिथे एसएलसी कॅश (चिपमधला वेगाने लिहिता येणारा छोटा भाग) भरते. स्वस्त ड्राइव्ह मग १० एमबीच्याही खाली जातो. आणि लिनक्सवाल्यांसाठी: सुरुवातीला दिसणारा अफाट वेग रॅमचा असतो, म्हणून कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर जाऊन थांबते, पण ड्राइव्हवर लिहिणं चालूच असतं. टर्मिनलमध्ये 'सिंक' देऊन ते संपेपर्यंत ड्राइव्ह काढू नका.