ॲक्शन थ्रिलर रंगतो तो नायकाच्या अडचणीमुळे

रातवारा

ॲक्शन थ्रिलर हा माझा सर्वांत लाडका प्रकार. चित्रपट, पुस्तकं, गेम, कुठल्याही रूपात चालतो. पण हल्ली यातलं बरंचसं बघताना कंटाळा येतो. इमारती कोसळतात, गाड्या हवेत उडतात, नायक पन्नास जणांना लोळवतो आणि त्याला साधी धापही लागत नाही. मग १९८८ सालचा 'डाय हार्ड' आजही का खिळवून ठेवतो?

त्यातला पोलीस उंच इमारतीत अडकतो तेव्हा अनवाणी असतो. ही बारीकशी गोष्ट पटकथेने आधीच पेरून ठेवलेली आहे. पुढे खलनायकाच्या ती लक्षात येते आणि तो आपल्या माणसाला काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. आता जीव वाचवायचा तर नायकाला त्या काचांवरूनच पळावं लागणार. नंतर तो स्वच्छतागृहात बसून पायातल्या काचा उपसत असतो, तो प्रसंग मला छतावरच्या स्फोटापेक्षा जास्त झोंबतो. स्फोटात सापडणं काय असतं हे बहुतेकांना ठाऊक नाही, पायात काच घुसणं सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ती जखम पुढच्या दृश्यात गायब होत नाही.

माझं म्हणणं असं की धोका काय आहे, तो कुठून येणार आहे आणि नायकाजवळ काय नाही, एवढं आपल्याला स्वच्छ कळलं पाहिजे. 'स्पीड'मध्ये (१९९४) सगळा नियम दोन वाक्यांत मावतो: बसने ताशी ५० मैलांचा वेग गाठला की बॉम्ब जागा होणार, आणि वेग पुन्हा ५०च्या खाली आला की फुटणार. एवढं कळल्यावर साधं वळणसुद्धा जीवघेणं वाटतं. 'रेसिडेंट ईव्हिल ४' (२००५) या गेममध्ये नेम धरला की पाऊल उचलता येत नाही. समोरून माणसं चालत येतायत आणि तुम्हाला ठरवायचंय, उभं राहून गोळी झाडायची की पळायचं. कितीतरी वेगवान गेममध्ये मला एवढा घाम फुटलेला नाही.

नायकाची ताकद वाढवत नेली की थरार कमी होत जातो. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

अजिबात सहमत नाही. तुमच्या मांडणीत ॲक्शन ही कथेची चाकर होऊन बसते.

'पोलीस स्टोरी' (१९८५) आठवा. शेवटच्या मारामारीत जॅकी चॅन मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावर झेप घेतो आणि दिवे फोडत खाली घसरत येतो. ती झेप चित्रपटात लागोपाठ वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवली आहे. तुमच्या हिशेबाने हे चूकच, कारण कथा तिथे थांबते. नायक वाचला हे पहिल्याच वेळी कळलेलं असतं. तरीही दुसऱ्यांदा बघताना अंगावर काटा येतो, कारण एका खऱ्या माणसाने हे खरोखर केलंय आणि त्याचे हात भाजलेत. बस्टर कीटनच्या 'द जनरल'मध्ये (१९२६) खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळतं. शंभर वर्षं होत आली, ते दृश्य शिळं झालेलं नाही.

नृत्य बघताना नर्तकीला काय अडचण आहे असं आपण विचारत नाही. शरीराचं कसब बघणं हाच आनंद असतो. तुम्ही ज्याला कंटाळलात ते संगणकावर बनवलेलं वजनहीन दृश्य आहे. त्याचं खापर नायकाच्या ताकदीवर कशाला?

शाईचा_डाग

मी मुख्यतः वाचणारी, त्यामुळे पुस्तकांच्या बाजूने लिहिते.

फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली आली. एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालाय. द गॉल १९७० साली घरी, नैसर्गिक मृत्यूने गेले, हे तेव्हाच्या प्रत्येक वाचकाला माहीत होतं. म्हणजे बेत फसणार हे पहिल्या पानाआधीच ठरलेलं. तरी पुस्तक हातातून सुटत नाही.

रातवारा, तुमचं सूत्र इथे लागू होत नाही, कारण जॅकलकडे काही कमी नाही. तो अतिशय निष्णात आहे. लहानपणीच वारलेल्या एका मुलाच्या जन्मदाखल्यावर तो पासपोर्ट काढतो, सुटे भाग होणारी बंदूक खास बनवून घेतो, रानात जाऊन कलिंगडासारख्या फळावर ती चालवून बघतो. पानंच्या पानं नुसती तयारी. मारामारी फारच थोडी. फोर्सिथ मुळात वार्ताहर, त्यामुळे सगळं बातमीइतक्या कोरडेपणाने सांगतो आणि म्हणूनच ते खरं वाटतं. हळूहळू लक्षात येतं की आपण मारेकऱ्याच्या बाजूने श्वास रोखून बसलोय! आपल्याला निष्णात माणसाला काम करताना बघायला आवडतं. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार सहीसलामत सुटणार हे माहीत असूनही वाचकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वाचलाच ना. उत्सुकता 'कसा सुटेल' याची असते.

आणखी एक. लेखक एका क्षणाला दोन पानं देऊ शकतो. हात खिशाकडे जातो आणि वाक्य संपतच नाही. कॅमेऱ्याने हे करायचं तर दृश्य संथ करावं लागतं, आणि ते चटकन कृत्रिम दिसतं.

सेव्ह_पॉइंट

गेमचा विषय निघालाच आहे तर सांगतो, चित्रपटाचे नियम गेमला लावू नका.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तो तिथे आहे हे आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं तळमळतो. बरोबर. पण ती तळमळ येते ती काही करता येत नाही म्हणून. गेममध्ये बॉम्ब दिसला की खेळाडू उठतो आणि बॉम्ब निकामी करायला लागतो. तळमळ तिथेच संपली, हातात काम आलं. शिवाय मेलो तर पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरू. पाचव्यांदा मरताना कोण घाबरतो?

म्हणून चांगले ॲक्शन गेम भीतीपेक्षा लयीवर चालतात. २०१६चा 'डूम' घ्या. त्यात अर्धमेल्या राक्षसाला जवळ जाऊन हाताने संपवलं की तुमचा कमी झालेला जीव (हेल्थ) भरून निघतो. म्हणजे मरायला टेकलात की लपून बसायचं नाही, थेट शत्रूच्या अंगावर जायचं. नायक अफाट ताकदवान आहे आणि तरी पापणी लवायला वेळ नाही. आणि 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या २०२३ सालच्या नव्या आवृत्तीत चालता चालता नेम धरता येतो. अडचण काढली, मजा कुठे गेली?

रातवारा

सेव्ह_पॉइंट, त्याच नव्या आवृत्तीत सुरी वापरून झिजते आणि तुटते, गावकरीही जास्त चवताळून येतात. एक अडचण काढून दुसऱ्या आणून ठेवल्या. आणि 'डूम'चं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. जीव भरायचा असेल तर धोक्याच्या जवळच जावं लागेल, ही अट आहे, आणि सगळी लय तिच्यातूनच येते. ती अट काढा आणि भिंतीआड बसून जीव भरू द्या, मग किती रंगतो ते सांगा.

उंबरठा, शरीराच्या कसबाचं मान्य. पण खांबावरची ती झेप आपल्याला भिडते, कारण तो किती उंचावर आहे आणि खाली काय आहे हे आपल्याला नीट दिसतं. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (२०१५) दिग्दर्शक जॉर्ज मिलरने महत्त्वाची हालचाल सतत चौकटीच्या मध्यावर ठेवायला लावली. कट भराभर पडतात, तरी डोळा शोधत फिरत नाही. मार्गारेट सिक्सेलला संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. त्यातल्या धडकांचं वजन जाणवतं, कारण कोण कुठे आहे हे एकदाही सुटत नाही.

कोरडी_विहीर

संकलनाचं ऑस्कर 'द बोर्न अल्टिमेटम'लाही मिळालंय (२००७). तिथे कॅमेरा थरथरतो, कट डोळे मिटेपर्यंत बदलतात. टँजिअरच्या बंद खोलीतल्या मारामारीत कुणाचा हात कुठे लागला हे अर्ध्या वेळा दिसत नाही. तरी ती मारामारी माझ्या मते त्या दशकातली सर्वोत्तम आहे, कारण खऱ्या मारामारीत माणसाला असंच तुटक दिसत असणार. सगळं स्वच्छ दिसलंच पाहिजे हा आग्रह मला पटत नाही.

उंबरठा

आणि त्या चित्रपटाची नक्कल करणाऱ्यांनी पुढची काही वर्षं ॲक्शन बघण्यालायक ठेवली नाही, हेही लिहा. नटांना मारामारी येत नाही हे लपवायला कॅमेरा हलवायचा! 'द रेड' (२०११) बघा. त्यातला नायक इको उवाइस मुळात पेंचक सिलात ही इंडोनेशियातली युद्धकला शिकलेला, म्हणून कॅमेरा मागे सरून पूर्ण देह दाखवू शकतो.

शाईचा_डाग

खलनायकावर कुणीच बोललं नाही याचं नवल वाटतं. 'डाय हार्ड'मधल्या काचा आपोआप फुटत नाहीत. समोरच्याने नायकाचे पाय बघितले, विचार केला आणि हुकूम दिला. जॅकलच्या मागावर लागलेला लेबेल हा शांत, चिवट पोलीस अधिकारी नसता तर मारेकऱ्याची ती सगळी तयारी नुसती यादी झाली असती. दोघंही हुशार, दोघंही एकमेकांच्या पुढच्या चालीचा अंदाज बांधतायत. रातवारा, नुसती अडचण मला पुरत नाही. पूर किंवा भूकंपही अडचण आणतो, पण तो नायकाकडे बघून आपला डाव बदलत नाही.

सेव्ह_पॉइंट

हे मात्र गेमला अजून नीट साधलेलं नाही. शत्रू चाल बदलतात, पण बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत त्यांचा साचा ओळखता येतो. त्यानंतर मी हुशार प्रतिस्पर्ध्याशी खेळत नसतो, पाठ केलेला धडा म्हणत असतो. त्या बाबतीत पुस्तकं पुढे आहेत. तरी गेममध्ये घाम माझ्या हाताला फुटतो, आणि तो अनुभव मी कुठल्याही जॅकलशी बदलणार नाही.