प्रतिसाद: तोरणाच्या चौकोनातली बोंडं

क्रोशाच्या तोरणातली बोंडं (एका घरात अनेक खांब एकत्र ओढून केलेले फुगीर टाके) दोरा बारीक म्हणून मागे दबतात, हे वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते पटत नाही. बहुतेक वेळा ओळ चुकलेली असते. बोंड विणणाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला फुगतं, म्हणून ते उलट्या बाजूच्या ओळीतच, म्हणजे कामाची मागची बाजू आपल्याकडे असताना घालायचं. चौकोन असा: सोळा साखळ्या, त्यावर पंधरा मुके खांब (सिंगल क्रोशे). दुसऱ्या ओळीत ३ मुके, बोंड, ३, बोंड, ३, बोंड, ३, तिसरी साधी, चौथीत ५, बोंड, ३, बोंड, ५. बोंडाला एकाच घरात (खालच्या ओळीच्या एकाच टाक्यात) पाच खांब (डबल क्रोशे) अर्धवट ठेवायचे, सुईवर सहा फास झाले की एकदम ओढायचे. बोंड ओढल्यावर त्याच्यावर जादा साखळी नको. ती पुढच्या ओळीत टाका म्हणून मोजली जाते आणि तीन बोंडांमुळे पंधराचे अठरा होतात. सतराव्या ओळीच्या आसपास तिरकी घडी घालून बघा, कडा जुळल्या की चौकोन झाला, थांबा.

आणि चौकोन खळ घालून ताठ करायचा तिथला सल्ला घाटावर ठीक. आपल्याकडे गणपतीत, तेही समुद्राकाठी, खळ चिकट होते, बुरशी धरते. त्यापेक्षा चौकोन पिळाच्या सुती दोरीवर वरच्या कडेने सलग शिवा. नुसते कोपरे अडकवले तर मध्ये झोळ पडतोच. ताणून वाळवताना टाचण्या स्टीलच्या, लोखंडी टाचण्यांच्या गंजाचे डाग जात नाहीत.