मदत हवी आहे: सोलापुरी तेलुगू बोलणारा, पण सोलापुरात कुणी न ओळखणारा आवाज

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचा आमचा छोटा गट आहे, महिन्यातून एकदा बसतो. मीही त्यांच्यातलीच, गोळ्या सुरू होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी ठरवलं की उपचाराची नीट माहिती देणारी पुस्तिका आपणच करायची. सोळा पानं, स्वच्छ मराठी, छपाईचे पैसे वर्गणीतून. वाटली, आणि दोन महिन्यांनी चौकशी केली तर काही पुस्तिका तांदळाच्या डब्याखाली, काही चुलीत.

राग आला होता, आता नाही. पूर्व भागातल्या आमच्या बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, आणि वाचायला दोन्ही येत नाही. ज्यांना येतं त्यांच्या घरी पुस्तिका सासूच्या हाती लागायची भीती. मुखपृष्ठावर आम्ही एचआयव्हीची खूण असलेली लाल रिबीन छापली होती! कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. बहुतेक माझ्याच.

मजकूरही जुन्या कागदांवरून उतरवलेला. 'गोळी रात्री झोपताना घ्या' हे वाक्य पूर्वीच्या एफाव्हिरेंझवाल्या गोळीचं, कारण तिनं गरगरायचं. आता बहुतेकींना टीएलडी मिळते, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकाच गोळीत. ती दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते. आमच्या गटातल्या एकीचा नवरा लूमवर आहे, त्यालाही हेच औषध. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. 'झोपताना' म्हटल्यावर तो बिचारा दर आठवड्याला गोळीची वेळ बारा तासांनी फिरवत होता. आमच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवून.

म्हणून आता ऐकायची माहिती करायची आहे. विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. तीन-तीन मिनिटांचे तुकडे, मराठीत आणि तेलुगूत. मराठीचं जमेल. अडतंय ते असं:

तेलुगू हैदराबादची चालत नाही. आमच्या बायका म्हणतात, ही बातम्यांतली बाई आहे. सोलापुरी तेलुगूत अर्धे शब्द मराठी, हेल वेगळा. पण इथलीच बाई बोलली तर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, पहिल्या वाक्याला ओळखतील, 'अगं ही अमकीची सून!' मग तिचं काय होईल ते सांगायला नको.

दुसरी अडचण समजावण्याची. रिपोर्टवर व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) 'दिसत नाही' असं आलं की काही जणी म्हणतात, 'नाही म्हणं आता माझ्यात.' एकीनं चार महिने गोळ्या सोडल्या. 'विषाणू आणि सैनिक यांची लढाई' हे चित्र मला आवडत नाही, लढाई जिंकली की सैनिक घरीच जातात ना. दुसरं काय सांगावं?

तिसरी, मोबाइल घरात एकच. पहिल्या चाचणीत फाइलचं नाव आम्हीच 'एचआयव्ही गोळ्या १' ठेवलं होतं. एकीच्या मुलानं गाणी शोधताना उघडलं. पुढचं लिहीत नाही.

कुणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद: औषधदुकानदार

ताई, मजकुरात एक गोष्ट नक्की घाला, काउंटरवर रोज दिसते. सोलापूरचं खाणं, शेंगाचटणी, वर ठेचा, मग ॲसिडिटी, मग ते गुलाबी पातळ औषध. त्यातलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम डोलुटेग्रॅव्हिरला पोटातच अडवून धरतं. टीएलडी त्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्यायची. गरोदरपणातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच. फक्त त्या टीएलडीसोबत घ्यायच्याच असतील तर पोटभर जेवणाबरोबर एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही. शुगरला मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं, मात्रा सांभाळावी लागते. टीबीच्या औषधात रिफॅम्पिसिन असेल तर डोलुटेग्रॅव्हिरची जादा गोळी १२ तासांनी लागते, ती एआरटी सेंटरवरूनच, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावरूनच देतात.

आणि लेबल फाडा हवं तर, पण गोळ्या दुसऱ्या डबीत ओतू नका. आतली ओल शोषणारी पुडीही फेकू नका. खुळखुळ आवाज येतो म्हणून बायका डबी बदलतात. वर कापूस ठेवला की आवाज बंद.

प्रतिसाद: चूलवाली

लढाई नको, विस्तव घ्या. माझी आजी रात्री निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची. बघणाऱ्याला वाटायचं चूल विझली. सकाळी राख बाजूला केली की फुंकरीसरशी पेटायची. गोळी म्हणजे रोजची राख. विस्तव दिसत नाही म्हणजे विझला नाही, राख घालायची थांबलात की भडकणार.

प्रतिसाद: औषधदुकानदार

वा. आणि राखेखालच्या विस्तवानं हात भाजत नाही, तेही त्यातच बसलं. व्हायरल लोड सतत दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे बायकांना कुणी सांगतच नाही. फक्त अंगावर पाजण्याला ते तसंच लावू नका. तिथं धोका खूप कमी होतो पण शून्य म्हणता येत नाही. बाळाचं औषध आणि तपासण्या वेगळ्या चालतात.

प्रतिसाद: भिवंडीकर

आमचे आजोबा सोलापूरहून लूमवर भिवंडीला आले. घरात अजून तीच तेलुगू, तुम्ही म्हणता ती अर्धी मराठी. बायकोला विचारलं, ती आवाज द्यायला तयार आहे. सोलापुरात आमचं आता कुणी नाही. मजकूर मराठीतच पाठवा, ती बोलताना तेलुगूत उलटवेल. लिहिलेली तेलुगू आम्हालाही वाचता येत नाही, हसू नका.

फाइलचं म्हणाल तर नाव 'भाजीचे प्रकार ३' असलं काही ठेवा आणि पहिला अर्धा मिनिट खरंच भाजीचं बोला. आजाराचं नाव एकदाही नको, 'आपली गोळी' पुरे. कुणा गटातल्या बाईचा अनुभव तिच्याच आवाजात टाकायचा मोह झाला तर टाळा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तर संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला बंदीच आहे. पण संमती दिलेल्या बाईचाही आवाज ओळखला जातो, आणि एकदा पुढे गेलेली फाइल परत येत नाही.

धागाकर्ती:

भिवंडीकर दादा, वहिनींना नमस्कार सांगा. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

रविवारच्या बैठकीत विस्तवाचं सांगून पाहिलं. दोघी-तिघींनी लगेच मान डोलावली, गॅसवाल्या तरण्या पोरींना आधी चूलच समजावून सांगावी लागली. एका रात्रीची गोळी विसरली तर काय, हे त्यांनीच विचारलं. आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही, हे सांगितलं. मग सगळ्यात मागे बसलेली, कधी न बोलणारी एक म्हणाली, 'आन् लग्नाला पंधरा दिवस तेलंगणात गेलो, राख संपली तर?'

आमच्या सोळा पानांत हे कुठंच नव्हतं. गावाला जायच्या आधी सेंटरवर सांगून जादा गोळ्या घ्यायच्या, तिकडे अडकलंच तर तिथल्या एआरटी सेंटरला आपलं उपचाराचं पुस्तक दाखवायचं, नाहीतर एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, १०९७ ला फोन. पहिला तुकडा आता हाच करते. भाजी वांग्याची ठेवू का दोडक्याची, वहिनींनी सांगावं.