मदत हवी आहे: लहान मुलांसोबत आंबोली आणि वेंगुर्ला

सप्टेंबरअखेर पुण्याहून आंबोली आणि पुढे वेंगुर्ल्याला जायचं ठरतंय. सोबत तीन आणि सहा वर्षांची मुलं, शिवाय गुडघेदुखीवाल्या सासूबाई. म्हणजे चढउतार जितका कमी तितकं बरं.

घाटातला मुख्य धबधबा अगदी रस्त्यालगत आहे, त्यामुळे तो सोयीचा. पण शनिवार-रविवारी तिथली गर्दी नि आरडाओरडा मुलांना सोसवेल असं वाटत नाही, म्हणून मधल्या वारी सकाळी लवकर जाऊ म्हणतोय. सप्टेंबरअखेरपर्यंत धबधब्याला बऱ्यापैकी पाणी असतं का? नांगरतास धबधबाही बघायचाय, पण तिथे कठड्याशी धाकटीला सांभाळणं जमेल ना? (ती हात सोडून पळण्यात पटाईत आहे.) हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे जाणाऱ्या वाटेवर जळवा असतील तर मुलांच्या पायांना काय लावता? मीठ, तंबाखूचं पाणी वगैरे ऐकलंय, पण तीन वर्षांच्या मुलीला तंबाखू लावायला मन धजत नाही.

दुसरी अडचण घाटाची. थोरल्याला वळणांवर हमखास उलटी होते. आंबोलीत मुक्काम करावा, की सरळ सावंतवाडीला उतरून तिथून दिवसाभराची फेरी मारावी?

समुद्रासाठी शिरोड्याचं वेळागर डोक्यात आहे. सुरूच्या सावलीत मुलं वाळूत तासन्‌तास खेळतील. पाण्यात घोट्यापलीकडे नेणार नाही, पावसाळ्यानंतर समुद्र लगेच निवत नाही. तिथे जवळपास घरगुती राहायची सोय आहे का, जिथे आम्हाला मासे आणि धाकटीला मऊ वरणभात मिळेल?