लिंबू कलरच्या साडीखाली गाडलेली अश्विनी भावे

सांजवात
परवा इथेच 'मराठी कल्ट सिनेमांच्या नायिका' असा एक धागा येऊन गेला. लेखकमहाशयांनी अश्विनी भावेंना अडीच ओळी दिल्या. एक ओळ 'अशी ही बनवाबनवी'तल्या लिंबू कलरच्या साडीवर, दुसरी 'पुढे हिंदीत गेल्या, फारसं जमलं नाही' आणि उरलेली अर्धी 'बनवाबनवी हाच त्यांचा मुक्काम'. खाली लोकांनी रांगेने पिवळी लिंबं चिकटवली. तीन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. बाईंचा पहिला सिनेमा 'शाब्बास सूनबाई' १९८६चा. म्हणजे बनवाबनवी करताना त्या जेमतेम उंबऱ्यावर होत्या. लगेच पुढच्या वर्षी 'कळत नकळत'. विवाहित माणसाच्या आयुष्यात आलेली दुसरी बाई, आणि तरीही खलनायिका नाही. समोर विक्रम गोखले आणि सविता प्रभुणे, म्हणजे जरा हललात की पडद्यावरून पुसले गेलात. त्या पुसल्या गेल्या नाहीत. त्या सिनेमाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा कुणाला आठवतो? गाणं आठवतं, 'नाकावरच्या रागाला', आणि तेही अशोकमामांचं म्हणून.

माझं म्हणणं एवढंच, की कल्ट सिनेमा नटांना मोठं करतो आणि नट्यांना गोठवून ठेवतो. धनंजय माने अजरामर झाला तरी अशोक सराफांचे बाकीचे सिनेमे कुणी विसरलं नाही. बाईंच्या वाट्याला मात्र एक रंग आला.

डॉ. खवचट
🍋

सांजवात
आभारी आहे. मुद्दा सिद्ध करून दिलात.

टुरिंग टॉकीज
ताई, तळमळ पोचली, पण पहिल्याच पायरीवर घसरलात. बनवाबनवी कल्ट नाही, हिट आहे. थिएटरात आला तेव्हाच लोकांनी डोक्यावर घेतला होता. कल्ट म्हणजे आला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि नंतर लोकांनी शोधून काढला असा. 'जाने भी दो यारो' कल्ट. दोन्हींत फरक आहे. हल्ली जो सिनेमा दोनदा टीव्हीवर लागला तो कल्ट. उद्या 'माहेरची साडी'लाही कल्ट म्हणाल.

मीनल_क
'माहेरची साडी'च्या थिएटरात माझी आजी, आई आणि दोन माम्या रुमाल घेऊन बसल्या होत्या. त्याला कल्ट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?
पण तुमच्यामुळे एक लक्षात आलं. अलका कुबलनाही त्या साडीने असंच धरून ठेवलं. १९९१ नंतर लोकांना त्या फक्त रडताना हव्या होत्या. एकीला माहेरची साडी, दुसरीला लिंबू कलरची. मराठी नटीला साडीच नडते.

सांजवात
मीनल, हे मला सुचायला हवं होतं. चिडचीड झाली.

पेठी मुंगूस
एक अप्रिय सत्य सांगू का? बनवाबनवीत चार नायिका आहेत. निवेदिता, सुप्रिया, प्रिया, अश्विनी. चौघींच्या पात्रांची नावं न शोधता सांगा. नाही ना येत? आता पुरुषांनी केलेल्या बायकांची नावं सांगा. पार्वती. सुधा. झोपेतही सांगाल. मराठी सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं डोहाळजेवण लक्ष्याचं आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या डोहाळजेवणात 'कुणीतरी येणार येणार गं' लावलं होतं आणि ती बिचारी झोपाळ्यावर बसून हसू दाबत होती. बायकांची उत्तम कामं पुरुषांनी नेली तर बायकांना उरलं काय? 'हृदयी वसंत फुलताना'मध्ये ओळीने नाचणं. अश्विनी भावेच कशाला, तिथे कुणीही चाललं असतं.

सांजवात
कुणीही? बाईंची माधुरी दुकानाची मालकीण आहे हो. नायक तिचा नोकर. १९८८च्या मराठी विनोदी सिनेमात किती नायिका नायकाला पगार देत होत्या? आणि तिच्या सगळ्या प्रवेशांत विनोद मामांच्या तोंडी आहे, तिला फक्त गंभीर राहायचंय. समोर अशोक सराफ असताना चेहरा सरळ ठेवणं हे कामच आहे. ती जराही हसली असती तर विनोद तिथेच संपला असता.

पेठी मुंगूस
बरं, नोकरी देते हे मान्य. पण नायक विवाहित असल्याचा संशय येऊन रुसणं हेच तिचं कथेतलं काम, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल.

सांजवात
अर्धं मान्य. लिहिणाऱ्यांनी तेवढंच लिहिलं. त्यात तिने काय केलं हा माझा मुद्दा आहे.

भाडेकरू नंबर पाच
मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. बनवाबनवीचा खरा नायक घर आहे, हे कुणीच का बोलत नाही? चार धडधाकट पोरं, आणि पुण्यात खोली मिळत नाही म्हणून दोघांना लुगडं नेसावं लागतं. मी गेल्या वर्षी पाच ठिकाणी नकार पचवले. तिसऱ्या घरी काकूंनी चहा दिला, गावाकडची चौकशी केली, आईच्या गुडघ्यांची विचारपूस केली आणि शेवटी म्हणाल्या, 'लग्न झालं की ये हो.' सिनेमातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोर निदान तोंडावर सांगत होत्या.

डॉ. खवचट
लुगडं नेसून जायचं. लिंबू कलरचं.

वाडामालक
या विषयावर एकदा दुसरी बाजूही ऐका. आमचा वाडा होता. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. खालच्या दोन खोल्यांचे महिना अठरा रुपये यायचे आणि कौलं शाकारायला त्याच्या कैकपट जायचे. वडील गेले तेव्हा भाडेकरूच्या तिसऱ्या पिढीने येऊन सांत्वन केलं आणि जाताना नळाची तक्रार केली. सिनेमात मालक खडूस दाखवला की टाळ्या. त्या सरपोतदारांच्या जागी बसून बघा जरा.

भाडेकरू नंबर पाच
काका, मग तुमच्याच हिशोबाने सड्या पोरांना आधी घर द्यायला हवं. आम्ही नोकरी बदलली की निघून जातो. पिढ्या तर कुटुंबवालेच वाढवतात ना?

वाडामालक
तुमच्यासारखे वरच्या मजल्यावर रात्री दीड वाजता खुर्च्या ओढतात.

भाडेकरू नंबर पाच
मी खुर्च्या ओढतो हे तुम्हाला कसं कळलं? माझ्याकडे खुर्चीच नाही. गादी आहे, एक. अनामत देऊन झाल्यावर तेवढीच परवडली.

मीनल_क
मुलगे असून एवढं रडताय? मी एकटी मुलगी म्हणून घर शोधत होते तेव्हा दलालाने विचारलं, 'मित्रबित्र येणार का?' सोसायटीच्या सेक्रेटरीने आईचा फोन नंबर घेतला. सत्ताविसाव्या वर्षी! करार अकरा महिन्यांचा, आणि नोंदणी मी माझ्या पैशाने करायची म्हणे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, नोंदणीची जबाबदारी मालकाची. हे मी सांगितलं तर म्हणाले, 'इतकं शिकलेली भाडेकरू नको.'

टुरिंग टॉकीज
धागा अश्विनी भावेंचा होता असं अंधूक आठवतंय.

सांजवात
मलाही.

टुरिंग टॉकीज
आणि सगळे पुण्याच्या घरांवरून भांडताय, तर तेही मूळचं आपलं नाही. हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६. तोच डाव: खोली हवी म्हणून पोरं बायका होतात. आपल्याकडे तो पुणेरी होऊन उतरला, याचं श्रेय वसंत सबनीसांच्या संवादांना. आपण ज्याला मराठी मातीतला विनोद म्हणून छाती फुगवतो, त्याची कलमं कुठून आली तेवढं माहीत असावं.

पेठी मुंगूस
आला! प्रत्येक धाग्यावर एक जण 'हे मूळचं त्यांचं' घेऊन येतोच. कलम लावलं तरी आंबा आमच्याच झाडाला लागला ना? हिंदीवाला किती जणांना पाठ आहे?

टुरिंग टॉकीज
पाठ असणं हा दर्जा असेल तर पाढे सर्वश्रेष्ठ साहित्य.

पेठी मुंगूस
तुमच्यासारख्यांमुळेच लोक मराठी सिनेमावर बोलायला घाबरतात. सतत वरून खाली बघायचं. दोन फेस्टिवलचे पास गळ्यात घातले की झालं.

टुरिंग टॉकीज
पास गळ्यात घालायची वेळच आली नाही. पंधरा वर्षं जत्रांमधून तंबूत सिनेमे दाखवलेत मी. नाव उगीच नाही घेतलेलं. 'धडाकेबाज' तंबूत लावला की पोरं कापड वर करून खालून आत घुसायची. त्यातही अश्विनी भावे होत्या. पण पोरांना बाटलीतला लक्ष्या आणि कवट्या महाकाळ, एवढेच दिसायचे. बाई पडद्यावर आल्या की गर्दी लघवीला उठायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ताई, तुमचं 'गोठवून ठेवतो' वगैरे जरा मऊ झालं. आपला प्रेक्षक त्यांच्या वेळी उठूनच जायचा.

सांजवात
हे वाचून वाईट वाटलं. पण खरं असणार. आणि हे लिहिल्यावर 'पास गळ्यात'वाल्यांनी माफी मागायला हरकत नाही.

पेठी मुंगूस
तंबूवाल्यांची मागतो. कलमवाल्यांची नाही. दोघे एकच असले तरी.

डॉ. खवचट
बाईंचं हिंदी का जमलं नाही यावर बोला की. तो मूळ मुद्दा होता ना?

सांजवात
बोलते. 'हिना', १९९१. राज कपूर यांनी सुरू केलेला, त्यांच्यामागे रणधीर कपूर यांनी पुरा केलेला, भारतातर्फे ऑस्करला गेलेला. त्यात बाई चांदनी. सिनेमाचं नाव दुसरीचं, सीमेपलीकडे हरवलेला नायक दुसरीजवळ, आणि ही इकडे वाट बघणारी वाग्दत्त वधू. अशा भूमिकेत करण्यासारखं काय असतं? 'कळत नकळत'मध्ये दुसरी बाई, 'हिना'मध्ये मागे राहिलेली. हक्काची जागा असलेली भूमिका त्यांना मिळाली कधी? 'जमलं नाही' म्हणताना काय जमवायला दिलं होतं तेही बघा. मग लग्न करून त्या अमेरिकेला गेल्या. परत आल्या तेव्हा 'कदाचित', 'आजचा दिवस माझा', 'ध्यानीमनी'. 'ध्यानीमनी'तली आई बघा आणि मग त्या दुकानातली मालकीण बघा. चेहरा सरळ ठेवायची तीच सवय. फक्त आता तो सरळ चेहरा बघून पोटात गोळा येतो.

मीनल_क
'ध्यानीमनी'बद्दल आणखी काही सांगू नका, मी बघितला नाहीये.

वाडामालक
'आजचा दिवस माझा' पाहिलाय. विषय घराचाच आहे, हे गंमतीने नमूद करतो. म्हातारा गायक सरकारी घरासाठी खेटे घालतो, आणि मुख्यमंत्र्यांना एका रात्रीत फाईल हलवावी लागते. अश्विनी भावे मुख्यमंत्र्यांची बायको. काम छोटं आहे, पण नवऱ्याकडे असं बघतात की त्याला चूक उमगते. आमच्या घरी हा प्रकार रोज होतो, म्हणून ओळखू आलं.

भाडेकरू नंबर पाच
म्हणजे घर मिळायला मुख्यमंत्री लागतो. नोंद घेतली.

पेठी मुंगूस
सांजवातताई, एक प्रामाणिक प्रश्न. साडी नसती तर आज तिशीच्या आतल्या एका तरी पोराला अश्विनी भावे हे नाव माहीत असतं का? माझ्या भाचीला बनवाबनवीतूनच कळलं. 'कळत नकळत' तिच्या मोबाईलवर आपोआप येत नाही, साडी येते. तुम्ही ज्याला गाडणं म्हणताय त्याला मी पुरवठा म्हणतो.

सांजवात
भाचीने पुढे दुसरं काही बघितलं का?

पेठी मुंगूस
नाही.

सांजवात
मग?

पेठी मुंगूस
मग काही नाही. तिला सांगून बघतो. पण ती साडी विकत घ्यायला निघालीये, आधी तिथे थांबवावं लागेल.

डॉ. खवचट
काल रात्री 'कळत नकळत' पाहिला. धाग्यावर भांडायला मुद्दे हवेत म्हणून. विक्रम गोखलेंपेक्षा मला बाईंचाच राग येईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. सविता प्रभुणेंसमोर त्या उभ्या राहतात तेव्हा नक्की कुणाची बाजू घ्यावी कळेना आणि मी रिमोट खाली ठेवला. लिंबू मागे घेतो.

सांजवात
मनापासून?

डॉ. खवचट
अर्धं. साडी चांगलीच होती हो.

वाडामालक
मीनलताई, कलम ५५ नातवाकडून वाचून घेतलं. नोंदणी मालकानेच करायची हे बरोबर आहे. माझी चूक. पण खर्च कुणी करायचा ते कुठे लिहिलंय?

मीनल_क
काका, नवीन धागा काढा. मी येते.