मदत हवी आहे: सावजी रस्सा काळा येतो, तर्रीचा नुसता लाल डाग होतो

धागाकर्ती:
नागपुरात बाहेर जेवताना आणि प्रवासात फोनवर जेवणाचे फोटो काढते. तीन गोष्टी सुटत नाहीयेत.

सावजी भोजनालयात रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढला की तवंगावर पांढरी पट्टी, खालचा रस्सा काळाकुट्ट आणि स्टीलच्या ताटाची कड पांढरीफटक. सकाळी ठेल्यावर निळ्या ताडपत्रीखाली तर्री पोहे काढले की पोह्यांवर निळी झाक येते आणि तर्रीतले चणे त्या लालीत हरवतात. तिसरं, फोन जवळ नेला की मधला एक घास स्पष्ट, बाकी सगळं धूसर.

फोन मधल्या किमतीचा आहे, प्रो मोड (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलायची सोय) आहे. वेगळे दिवे न्यायचे नाहीत आणि जेवण निवू द्यायचं नाही.

उजेडवाला:
ताई, ती पट्टी म्हणजे ट्यूबचं प्रतिबिंब. ट्यूब ताटापलीकडे, तुमच्या समोर असली की ते येणारच. ट्यूब डाव्या किंवा उजव्या हाताला येईल अशी जागा धरा. तरी राहिलं तर वाटी वीतभर सरकवा. मात्र चमक पूर्ण घालवू नका, तवंग दिसला नाही तर रस्सा कोरडा वाटतो. चिमट्याने लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर तेलावरची चमक कापतो, उघड्या स्टीलवरची नाही, शिवाय उजेड निम्म्याहून कमी करतो. रात्री तो नकोच.

काळेपणाचं मूळ स्टीलमध्ये आहे. कड झगझगीत आणि रस्सा गडद, दोन्ही एका फोटोत फोनला झेपत नाहीत. कड चौकटीबाहेर ठेवा किंवा तिच्यावर भाकरी, कांदा, लिंबाची फोड येऊ द्या. मग ट्यूबच्या विरुद्ध बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, पांढरा रुमाल किंवा कागदी नॅपकिन उभा धरा. रश्श्यातले तुकडे त्यानेच उठून दिसतात. हा उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/२५० ला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २०० ते ४००, कोपर टेबलावर टेकवलेलं.

सांबारवडी:
ताडपत्रीचं सांगतो. प्लेट कडेला, उघड्या आभाळाच्या उजेडात आणा. अर्धं ऊन आणि अर्धी ताडपत्री असं मात्र नको. एकाच प्लेटवर दोन रंगांचा उजेड पडला की नंतर तो एडिटिंगमध्येही नीट होत नाही. बाहेर जागा नसेल तर प्लेटशेजारी कोरा कागद ठेवून एक जादा फोटो घ्या. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची सेटिंग) त्या कागदावर जुळवा आणि तोच ठेवून पुढचे फोटो काढा. पोहे बघून जुळवू नका, हळदीने ते मुळातच पिवळे असतात. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली हिरवी झाक येते, तिथे टिंट (हिरवा-मॅजेंटा रंगाची पट्टी) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, न्यायचा.

तर्रीसाठी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) साधारण उणे ०.७ करा आणि फूड मोड बंद ठेवा. तो रंग आणखी भडक करतो. लाल रंग एकदा टोकाला गेला की चण्यांचा आकार पुसलाच जातो. तर्री वेगळ्या वाटीत मागा. आधी नुसत्या पोह्यांवर चौकट आणि फोकस पक्का करा, मग दोन चमचे तर्री एकाच बाजूला घाला, म्हणजे पिवळा आणि लाल दोन्ही दिसतात. शेव सगळ्यात शेवटी; रसात ती लगेच मऊ पडते.

धागाकर्ती:
धूसरपणासाठी मॅक्रो मोड (अगदी जवळच्या फोटोंचा) लावू का?

उजेडवाला:
२ मेगापिक्सेलचा मॅक्रो असेल तर नको, त्यात बारकावा येत नाही. मुख्य लेन्स फार जवळचं पकडत नाही, आणि जवळून फोकसची पट्टीही अरुंद होते. ३० ते ४० सेंटीमीटर मागे या आणि २एक्स झूम करा. पोह्यांना साधारण ४५ अंशांचा कोन बरा. पाटवड्या वरून सरळ.

सांबारवडी:
आधी सुती कापडाने लेन्स पुसा, बोटांचं तेल आणि वाफ दोन्ही तिथे बसतात. आणि मे महिन्यात फोन डॅशबोर्डवर ठेवू नका. तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, फोटो आहे त्यापेक्षा गडद वाटतो आणि हात एक्स्पोजर वाढवायला जातो. तेव्हा स्क्रीनवर भरवसा न ठेवता हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख. उजव्या टोकाला भिंत उभी दिसली तर एक्स्पोजर उतरवा.